परत आलेल्याची खुर्ची

आमच्या कंपनीत शहाणपण मुंबईहून यायचं. ते गाडीतून यायचं, गेटवर सलाम घ्यायचं, जेवायचं, चहा प्यायचं आणि ऊन उतरायच्या आत परत जायचं. कंपनी बोईसर स्टेशनजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतली, कापडाचे रंग बनवणारी. आज कुठला रंग काढलाय हे मागच्या नाल्याकडे बघून कळायचं. तिथल्या कॉम्प्युटर विभागाची मी अधिकारी होते. विभाग म्हणजे मी, एक किरकिरा प्रिंटर आणि माझ्या डोक्यावर हेड ऑफिसात बसलेले साहेब. साहेबांच्या कॉम्प्युटरच्या ज्ञानापेक्षा त्यांचा टाय लांब होता.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कंपनीने दोन सर्व्हर घेतले. तोवर एकच होता आणि तो बसला की सगळा कारखाना बसायचा. गेटवरच्या वजनकाट्यापासून स्टोअरपर्यंत सगळं त्यालाच जोडलेलं. काटा बंद म्हणजे ॲसिडचा टँकर आत घेता येत नाही आणि मालाचा ट्रक बाहेर सोडता येत नाही. बोईसरची दमट हवा, वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि त्यात हे एकुलतं एक नाजूक मशीन. म्हणून दोन घ्या आणि एकमेकांना जोडून ठेवा, याला क्लस्टर म्हणतात, असं साहेब कुठल्याशा हॉटेलातल्या सेमिनारला जाऊन ऐकून आले. तिथून एक चामड्याची फाइलही घेऊन आले. ती त्यांनी पुढे वर्षभर काखेत मिरवली.

क्लस्टरची गोष्ट तशी सोपी आहे. एक सर्व्हर काम करतो, दुसरा त्याच्याकडे डोळे लावून बसतो. पहिला कोसळला की दुसरा काम उचलतो, याला फेलओव्हर म्हणायचं. पहिला दुरुस्त होऊन उभा राहिला की काम त्याच्याकडे परत जातं, याला फेलबॅक म्हणायचं. उचलण्याबद्दल कुणाचा वाद नसतो. परत कधी द्यायचं आणि कुणी द्यायचं, हे मात्र आपण ठरवून मशीनला सांगावं लागतं. लगेच दे, ठरल्या वेळी दे, किंवा मी सांगेपर्यंत देऊ नकोस.

ते ठरवायला साहेबांनी मीटिंग घेतली. मुख्य सर्व्हर त्यांनी आधीच रिसेप्शनशेजारी काचेच्या खोलीत मांडला होता, पाहुण्यांना दिसावा म्हणून. दुसरा मागे बॅटरीच्या खोलीत, झाडू आणि बादलीच्या सोबतीला. दोघे एकाच कारखान्यातून आलेले, एकाच ताकदीचे, एकाच किमतीचे. पण दसऱ्याला झेंडूचा हार, कुंकू आणि नारळ फक्त पुढच्याला. मागच्याची पूजा करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मीटिंगमध्येही साहेब त्याच थाटात बोलले. मुख्य तो मुख्य, तो उठला की त्याचं काम त्याला तत्काळ मिळालं पाहिजे, स्पेअरने स्पेअरच्या जागी राहावं. जणू त्या पेटीला मानपान कळत होता.

मी तेव्हा सरळ सांगितलं, "जो चालवतोय त्याला मध्येच हलवू नका, सर. परत आलेला धड आहे का ते आधी बघायचं आणि मग माणसाने आपल्या हाताने काम परत द्यायचं. हे मशीनवर सोडायचं नाही."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियरही माझ्या बाजूने मान डोलावत होता, आणि परक्या माणसासमोर साहेब हरत नसत, ते मोठ्या मनाने मान्य करत. त्यांनी तसं मान्य केलं. मी सेटिंग हातावर ठेवलं आणि ते महिनोन्‌महिने बिनबोभाट चाललं. पुढचा पडला तर मागचा उचलायचा, मी पुढच्याला तपासायचे आणि शुक्रवारी काम परत द्यायचे. आमच्या वसाहतीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी सगळे कारखाने भरधाव चालू. बोईसरच्या शेंगदाणेवाल्यालाही हे ठाऊक होतं.

मग मला दिवस गेले. ही बातमी सांगितली तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर, कुणीतरी पोर्चमध्ये त्यांच्या जागेवर गाडी लावल्यासारखा भाव आला. पण तोंडाने अभिनंदन केलं. माझ्या बाळंतपणाच्या रजेत काम बघायला त्यांनी हेड ऑफिसातला एक तरुण पाठवला. मुंबईत राहणारा, साहेबांच्या पुढे त्यांच्याच शब्दांत बोलणारा. त्याच्या वरच्या खिशात कायम कंगवा असायचा. मी त्याला मनातल्या मनात बदलीवाला म्हणायचे. त्याला मी सगळं शिकवलं. काटा, स्टोअर, दोन सर्व्हर, हातावर ठेवलेला फेलबॅक. शुक्रवारच्या सुट्टीचं सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, हे तर गल्फसारखंच झालं की. वर त्याने हेड ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे रविवारची सुट्टी चालूच ठेवली. शुक्रवारी हा रिकाम्या कारखान्यात येऊन बसायचा, आणि कारखाना चालू असेल तेव्हा मुंबईला घरी.

निघायच्या दिवशी साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, निर्धास्त जा, परत आलात की तुमची खुर्ची तुमचीच. माझा विश्वास बसला. माझ्या नोकरीला तोवर चांगली वर्षं झाली होती आणि त्या विभागातली प्रत्येक वायर मी स्वतः उभी राहून ओढून घेतली होती.

बाळंतपणाला मी माकुणसारला माहेरी गेले. मुलगी झाली. वाडीत पानवेलींना पाणी सुटल्याचा आवाज ऐकत दुपारी पडून राहायचे आणि मनात कारखाना चालायचा. कोण तपासत असेल, कोण परत देत असेल. आई वैतागायची. "तुजी खुर्ची कोन उचलून नेतंय? तू आदी पोटभर जेव," म्हणायची. रजा संपली तशी मी सासरी पालघरला आले. मुलीला सांभाळायला आईही आली. आणि मी पहिल्या दिवशी, नवी साडी नेसून, शटल ट्रेनने बोईसरला उतरले.

खुर्ची कुणी उचलून नेली नव्हती. ती काचेच्या खोलीत, जागच्या जागी होती आणि तिच्यावर बदलीवाला बसला होता. त्याने ती स्वतःच्या उंचीप्रमाणे वर करून घेतली होती. ड्रॉवरमध्ये माझी टिकल्यांची पाकिटं जिथे असायची तिथे त्याच्या केसांच्या तेलाची बाटली होती. मला म्हणाला, मॅडम, तुमची व्यवस्था पलीकडे केलीय. पलीकडे म्हणजे झेरॉक्सच्या मशीनशेजारी, एक टेबल आणि बिनहाताचं स्टूल. काम काय, तर नव्या टायपिस्ट मुलींना कॉम्प्युटर चालू आणि बंद कसा करायचा ते शिकवणं. झेरॉक्स काढायला आलेला प्रत्येक जण माझ्या टेबलावर कागद ठेवायचा आणि किती कॉप्या ते सांगायचा.

साहेब आले तेव्हा मी विचारलं. त्यांनी काखेतली चामड्याची फाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि समजुतीच्या सुरात बोलले. ते शब्द मी अजून विसरलेले नाही. "मॅडम, तुमचंच तत्त्व आहे ना? जो चालवतोय त्याला मध्येच हलवायचं नाही. तो छान चालवतोय. आणि तुम्हालाही आता घर आहे, लहान बाळ आहे."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझ्याच वाक्याचा पहिला तुकडा त्यांनी उचलला होता आणि उरलेला सोयीने गिळला होता. परत आलेल्याला तपासायचं आणि हाताने काम परत द्यायचं, हेही मी त्याच दमात सांगितलं होतं. मी म्हणाले की मग मला तपासा. ते बघू म्हणाले. साहेबांचं बघू म्हणजे काय ते सगळ्या कंपनीला माहीत होतं. कॅन्टीनच्या पंख्यासाठीही ते तीन उन्हाळे बघत होते.

घरी येऊन मी रडले, संतापाने. आई मुलीला मांडीवर थोपटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पन तू त्याला इचारत कशाला बसलीस? तुजीच हाय ना ती?" तिला ऑफिसातलं काय कळतंय, असं मला वाटलं.

झेरॉक्सशेजारी बसून एक मात्र झालं, कानावर सगळं पडायचं. साहेबांनी आणि बदलीवाल्याने मिळून फेलबॅकचं सेटिंग बदलल्याचं मला असंच कळलं. हाताने परत देणं म्हणजे मागासलेपणा, एवढं महागडं मशीन घेऊन माणूस कशाला उभा करायचा, असं साहेबांचं म्हणणं. बदलीवाल्याने मान डोलावली आणि मशीनला वेळ ठरवून दिली. पुढचा सर्व्हर पडून उठला असेल तर त्याने रविवारी दुपारी आपलं काम आपणच परत घ्यायचं. का, तर रविवारी सुट्टी, सगळं शांत, कुणाला त्रास नाही. मी उठून बदलीवाल्याकडे गेले आणि सांगितलं की अहो, रविवारी इथे कारखाना चालू असतो. तो म्हणाला, साहेबांनी ठरवलंय. आणि कंगव्याने भांग नीट केला.

त्यानंतरच्या एका आठवड्यात पुढचा सर्व्हर पडला. काम मागच्याने उचललं, कुणाला पत्ताही लागला नाही. पुढचा आपोआप उठला आणि रिकामा बसून राहिला. रिकामा असताना तो ठणठणीत दिसायचा. त्याला झालं होतं काय, तर ती काचेची खोली पश्चिमेला होती. दुपारी ऊन थेट आत यायचं आणि पाहुण्यांना दिसावं म्हणून पडदा लावायला बंदी. आतला एसी उन्हाळ्यातल्या त्या उन्हापुढे हात टेकायचा. कामाचा भार आला की मशीन तापायचं आणि मान टाकायचं. हे बघायला कुणी त्या खोलीत दुपारी उभं राहिलं असतं तर घामानेच कळलं असतं. पण बदलीवाल्याने आपली खुर्ची एसीच्या तोंडाखाली सरकवली होती.

रविवार उजाडला. दुपारी जेवणं उरकून मी टायपिस्ट मुलींना शिकवत होते आणि गेटवरून फोन आला. गेटवर आमच्याच भागातला एक वॉचमन होता, मला ओळखणारा. म्हणाला, "म्याडम, काटा बंद पडलाय. मगाशी चालू झाला, आता परत बंद. आमी टँकर काट्यावर चढवतो आनि तो मरतो. तुमी जरा येता काय?"

मी गेटवर गेले. बाहेर ॲसिडचे टँकर वळणापर्यंत उभे, आतून निघणारे ट्रक त्यांच्या तोंडाला तोंड लावून. भर उन्हात ड्रायव्हर लोक हिंदीत आमच्या कंपनीच्या खानदानाचा उद्धार करत होते. एक म्हातारा ड्रायव्हर मला सभ्यपणे म्हणाला, "बेटी, जो मशीन चल रहा था उसको छेड़ा किसने?" त्या सबंध प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न तेवढाच होता.

प्रकार माझ्या ताबडतोब लक्षात आला. दुपारची वेळ होताच पुढच्याने ठरल्याप्रमाणे काम ओढून घेतलं. उन्हात तापला, कोसळला. मागच्याने काम उचललं. पुढचा पुन्हा उठला, आणि परत घ्यायची वेळ अजून चालूच, म्हणून पुन्हा ओढलं. पुन्हा कोसळला. प्रत्येक अदलाबदलीला गेटवरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन गोठायची आणि काट्यावरच्या टँकरचं वजन अर्धवट राहायचं. मागचा बिचारा सुरळीत चालवत होता, पण त्याला चालवूच देत नव्हते. सुट्टीच्या शांत दुपारी कुणाला त्रास न होता.

बदलीवाला अर्थात मुंबईत. त्याच्या घरी कुणी फोन उचलेना. मी साहेबांच्या घरी लावला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ते पडलेत, रविवारी उठवायचं नसतं. मी म्हटलं, उठवा. बऱ्याच वेळाने साहेब आले. मी सगळं सांगितलं, टँकर, काटा, ॲसिड, रस्ता. त्यांनी जांभई दिली आणि विचारलं, "पण आज रविवार ना? मग कारखाना चालू कसा?"

हा माणूस इतकी वर्षं या कारखान्यावर साहेबगिरी करत होता. इथल्या जेवणातल्या माशाला नावं ठेवायचा, पाण्याला नावं ठेवायचा, आम्हाला पालघरवाले म्हणजे अडाणी समजायचा. आणि कारखाना कुठल्या वारी बंद असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. मला त्या घटकेपर्यंत त्यांची थोडी भीती वाटायची. ती तिथेच, त्या फोनवर, संपली. पुढे ते म्हणाले की कशाला हात लावू नका, उद्या तो आला की बघेल. मी फोन ठेवला आणि काचेच्या खोलीत गेले.

माझ्या खुर्चीवर बसले. ती इतकी वर केलेली की माझे पाय जमिनीला टेकेनात. लोंबकळत्या पायांनी मी माझा जुना पासवर्ड टाकला, निदान बघावं म्हणून. तो चालला. मला खुर्चीवरून उठवणाऱ्यांना पासवर्ड बदलायचं सुचलं नव्हतं, किंवा बदलता येत नव्हतं. मी हसले, एकटीच, मोठ्याने. मग आपोआप परत घेणं बंद केलं, काम मागच्याकडे नीट बसवलं आणि पुढच्याला सांगितलं की माणूस सांगेपर्यंत गप्प बैस. त्याच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. जाळीवर दसऱ्याचा सुकलेला झेंडू तसाच चिकटलेला होता, तो नखाने खरवडून काढला. गेटवरून फोन आला की काटा चालू झाला. मी फोनशेजारी बसून राहिले. तो परत बंद पडला नाही.

सोमवारी साहेब आले. दोष विजेवर टाकण्यात आला, तिला बोलता येत नसल्याने. मग साहेबांनी सगळ्यांना बोलावून नवं धोरण जाहीर केलं. यापुढे फेलबॅक मशीनवर सोडायचा नाही. परत आलेल्याला आधी तपासायचं आणि मग माणसाने आपल्या हाताने काम परत द्यायचं. आदल्या रात्री देवाने स्वप्नात येऊन सांगितल्यासारखे ते बोलत होते. प्रॉडक्शनच्या मॅनेजरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

पुढचा सर्व्हर दुरुस्त झाला. काचेला पडदाही आला, गर्द निळा, साहेबांच्या पसंतीचा. आता काम हाताने परत द्यायचं, तर साहेबांनी त्याचाही समारंभ केला. अगरबत्ती, नवा हार, नारळ, पेढ्यांचा बॉक्स, झाडून सगळे मॅनेजर. चारचौघांत काही चुकलं तर, म्हणून बदलीवाल्याला घाम फुटला. तो साहेबांच्या कानाशी लागला. साहेब मोठ्याने म्हणाले, मॅडम, तुम्ही करा, लेडीजच्या हातून झालेलं शुभ असतं.

मी हार सर्व्हरच्या जाळीवरून काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि खुर्चीवर बसले. पुढच्याला तपासलं. निवांत तपासलं, सगळे ताटकळत होते तरी. मग काम मागच्याकडून पुढच्याकडे दिलं. गेटवर फोन लावून विचारलं, काटा चालूच होता. टाळ्या झाल्या. पेढे फिरले. साहेबांनी बदलीवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, झालं ना मॅडम, उठा, त्याला बसू दे.

मी उठले नाही.

"सर," मी म्हणाले, "परत आलेल्याला तपासायचं आणि मग माणसाने आपल्या हाताने परत द्यायचं, असं तुम्हीच जाहीर केलंय. रविवारी माझी तपासणी झाली. आता तुम्ही हाताने देताय, की मीच घेऊ?"

साहेबांच्या तोंडात पेढा होता. तो त्यांनी बराच वेळ चावला. सगळे मॅनेजर त्या निळ्या पडद्याकडे टक लावून बघत होते. प्रॉडक्शनवाले तेवढे माझ्याकडे बघून उघड हसले आणि पेढ्याचा बॉक्स त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. साहेबांनी पेढा गिळला आणि रुमालाने बोटं पुसली. त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढं मला पुरे होतं. मी ड्रॉवर उघडला, तेलाची बाटली काढली आणि बदलीवाल्याच्या हातात दिली. मग खुर्चीखालचा दांडा ओढला. खुर्ची हळूहळू खाली आली आणि माझे पाय जमिनीला टेकले.